यूएचडी, एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ सगळं चालवणारा, पण परवडणारा प्लेअर कोणता?

दिवाणखाना५.१

सगळ्या डिस्क एकाच यंत्रात चालाव्यात म्हणून युनिव्हर्सल प्लेअर घ्यायचा आहे. आधी जवळ काय आहे ते सांगतो, म्हणजे उलट प्रश्न कमी येतील.

डीव्हीडी साधारण १४०, त्यात पाल आणि एनटीएससी (५० आणि ६० हर्ट्झच्या टीव्ही पद्धती) दोन्ही. ब्लू-रे ६०च्या आसपास, बहुतेक रीजन ए, चार-पाच रीजन बी (रीजन म्हणजे डिस्क कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचं कुलूप). यूएचडी (४के) ब्लू-रे सध्या आठच, पण वाढतील. एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) २२, त्यातल्या पंधरा-सोळा मल्टिचॅनल. डीव्हीडी-ऑडिओ (संगीतासाठीची डीव्हीडी) सहा. साध्या सीडी पुष्कळ.

टीव्ही ४के, एचडीआर१० आणि डॉल्बी व्हिजन (एचडीआर, म्हणजे जास्त उजेड-रंगाच्या चित्राचे दोन प्रकार) दोन्ही घेतो. एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयने रिसीव्हरला परत पाठवायची सोय) आहे, तिची सुधारित आवृत्ती ईएआरसी नाही. रिसीव्हर जुना, एचडीएमआय १.४चा. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ (ब्लू-रेवरचे दर्जा न गमावणारे आवाजाचे प्रकार) उलगडतो, पण ४के व्हिडिओ पुढे पाठवत नाही. मागे ५.१ अॅनालॉग इनपुटही आहेत. स्पीकर: पुढे दोन बुकशेल्फ, एक सेंटर, मागे दोन लहान सॅटेलाइट आणि एक सबवूफर. रिसीव्हर आणि स्पीकर बदलायचे नाहीत.

प्रश्न असे. एकच प्लेअर पुरेल का? अॅनालॉग आउटपुट असलेला घ्यावा की एचडीएमआयवर भागेल? आणि महागड्या मॉडेलमध्ये मिळतं ते मला ऐकू येईल का?

तबकडीवाला

"युनिव्हर्सल" या शब्दाला ठरलेला अर्थ नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. मॉडेलच्या माहितीपत्रकात चालणाऱ्या डिस्कचा तक्ता असतो. त्यात एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ हे दोन्ही स्वतंत्रपणे शोधा. एक आहे म्हणजे दुसरं असेलच असं नाही. याचं ठळक उदाहरण म्हणजे पॅनासोनिकचा डीपी-यूबी८२०. चित्राच्या बाबतीत उत्तम, ७.१ अॅनालॉग आउटपुटही आहेत, पण एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ दोन्ही चालत नाहीत. त्याच घराण्यातला बराच महाग यूबी९०००सुद्धा चालवत नाही. जास्त पैसे मोजले की सगळं मिळतं हा समज इथेच गळून पडतो.

फसगत कुठे होते तेही सांगतो. हायब्रिड एसएसीडीवर दोन थर असतात, एक साध्या सीडीचा आणि एक डीएसडीचा (एसएसीडीच्या खास डिजिटल आवाजाचा). कुठलाही सीडी प्लेअर पहिला थर वाजवतो. डीव्हीडी-ऑडिओचंही तसंच. डिस्कवर बहुतेक वेळा डीव्हीडी-व्हिडिओचा भाग असतो आणि तेच संगीत तिथे डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये असतं. त्यामुळे "डिस्क टाकली, गाणं लागलं" हा पुरावा नाही. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर काय उमटतं ते बघायचं. डीएसडी किंवा ८८.२/१७६.४ किलोहर्ट्झ पीसीएम (साधा, उलगडलेला डिजिटल आवाज) आलं तर एसएसीडीचा थर वाजतोय. ४४.१ आणि दोनच चॅनल आले तर सीडीचा. डीव्हीडी-ऑडिओत मल्टिचॅनल पीसीएम ९६ वगैरे यायला हवं. "डॉल्बी डिजिटल ४८" आलं तर प्लेअर व्हिडिओचा भाग वाजवतोय.

आता तुमच्या रिसीव्हरकडे. यूएचडी ब्लू-रेला एचडीसीपी २.२ (एचडीएमआयवरचं नकल-संरक्षण) लागतं आणि ते तुमच्या रिसीव्हरकडे नाही. प्लेअर रिसीव्हरमधून टीव्हीला जोडलात तर ४के मिळणार नाही, प्लेअर चित्र १०८०पीवर आणेल. उलट, प्लेअर थेट टीव्हीला जोडून एआरसीने आवाज परत आणलात तर ट्रूएचडी गेलं, मल्टिचॅनल पीसीएम गेलं, एसएसीडी तर प्रश्नच नाही. बऱ्याच टीव्हींमधून डीटीएसही पलीकडे जात नाही. म्हणून तुमच्यासाठी पहिली अट डिस्कची नाहीच. प्लेअरला दोन एचडीएमआय आउटपुट हवेत: एक टीव्हीला चित्रासाठी, दुसरा फक्त आवाजासाठी रिसीव्हरला.

ही अट आणि दोन्ही ऑडिओ डिस्क एकत्र मागितल्या की परवडणाऱ्या पट्ट्यात यादी एकदम आखूड होते. सोनीचे यूबीपी-एक्स७०० आणि यूबीपी-एक्स८००एम२ हेच समोर येतात. दोघांनाही दोन एचडीएमआय, दोन्ही एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ चालवतात, दोन्हींत डॉल्बी व्हिजन. अॅनालॉग ऑडिओ आउटपुट दोघांनाही नाही. एक्स८००एम२चा सांगाडा जास्त जड आणि घट्ट आहे. एचडीएमआयने जोडणार असाल तर आवाजात त्यामुळे फरक पडायचं कारण नाही.

दोन उणिवा. डॉल्बी व्हिजन मेन्यूतून हाताने चालू-बंद करावं लागतं. चालू ठेवून एचडीआर१०ची डिस्क लावली तर तीही डॉल्बी व्हिजनच्या वेष्टनात बाहेर पडते आणि रंग-उजेड थोडा बिघडतो. दुसरं, एचडीआर१०+ नाही. तुमचा टीव्ही तसाही ते घेत नाही, तेव्हा सोडून द्या.

पायोनिअरचा यूडीपी-एलएक्स५००, मॅग्नेटारचे प्लेअर, रिव्हॉनचे वरचे मॉडेल या सगळ्यांत सगळं आहे, पण "परवडणारा" या शब्दापासून ते लांब आहेत.

काटकसर

वरच्या उत्तराशी सहमत, पण एका खोक्याचा हट्ट सोडला तर आणखी एक वाट आहे.

एसएसीडी १९९९ची, डीव्हीडी-ऑडिओ २०००ची. या दोन्ही डिस्कना नव्या फर्मवेअरची गरज लागत नाही. ब्लू-रे आणि यूएचडीचं तसं नाही. त्यांच्या संरक्षणाच्या किल्ल्या बदलत राहतात, आणि कंपनीने अपडेट देणं थांबवलं की एखादी नवी डिस्क एक दिवस चालेनाशी होते. म्हणून जुना प्लेअर ब्लू-रेसाठी घेणं धोक्याचं, पण फक्त एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओसाठी घेणं अगदी ठीक. एक साधा नवा यूएचडी प्लेअर, शेजारी डीव्हीडीच्या जमान्यातला सेकंडहँड युनिव्हर्सल, अशी जोडी अनेकदा एका महागड्या खोक्यापेक्षा स्वस्त पडते. ओप्पोचा डीव्ही-९८०एच त्या काळातला, एचडीएमआयवरून मल्टिचॅनल एसएसीडी देणारा. ओप्पो बीडीपी-१०३ त्याच्या पुढचा: ब्लू-रेही चालवतो, ७.१ अॅनालॉग आहे, दोन एचडीएमआय आहेत, पण यूएचडी नाही. ओप्पोने एप्रिल २०१८मध्ये नवी उत्पादनं थांबवत असल्याचं जाहीर केलं. सुटे भाग आणि दुरुस्तीचा विचार करूनच घ्या, आणि नाव मोठं म्हणून किंमतही मोठी सांगितली जाते हे लक्षात ठेवा.

सेकंडहँड तपासताना सगळ्यात उपयोगाची गोष्ट सांगतो. ब्लू-रेही चालवणाऱ्या युनिव्हर्सल प्लेअरच्या आत तीन वेगळ्या तरंगलांबीचे लेसर असतात: सीडीसाठी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीसाठी ६५०, ब्लू-रेसाठी ४०५. एसएसीडीचा डीएसडी थर वाचतो तो डीव्हीडीवाला ६५०चा लेसर. तो थकला की लक्षणं विचित्र दिसतात. ब्लू-रे झकास चालते, सीडी चालते, हायब्रिड एसएसीडी टाकली तर "सीडी" म्हणून वाजते. विकणारा म्हणतो, "डिस्कच तशी असेल." डिस्क तशी नसते. लगेच एखादी डीव्हीडी लावून बघा, तीही अडखळेल.

म्हणून तपासायला जाताना सहा डिस्क न्या: एक सीडी, एक दोन थरांची डीव्हीडी, एक मल्टिचॅनल हायब्रिड एसएसीडी, एक डीव्हीडी-ऑडिओ, एक ब्लू-रे आणि (यूएचडी प्लेअर असेल तर) तीन थरांची, म्हणजे १०० जीबीची यूएचडी. प्रत्येकीचं पहिलं आणि शेवटचं प्रकरण लावा. एका थराच्या डिस्कचा शेवटचा भाग बाहेरच्या कडेजवळ असतो आणि डोलणारी डिस्क किंवा थकलेली यंत्रणा तिथे उघडी पडते. दोन थरांच्या डीव्हीडीत चित्रपटाच्या मध्यावर थर बदलतो. तिथे क्षणभर थांबणं चालेल, चौकोन-चौकोन दिसणं चालणार नाही.

ट्रे सलग दहा वेळा उघडा-बंद करा. अर्ध्यात थबकून पुढे जात असेल तर रबरी पट्टा सैल झालाय. तो बदलता येतो आणि स्वस्त असतो, तेवढ्यासाठी नाकारू नका, किंमत पाडा. ट्रे पूर्ण बंद होऊन डिस्क फिरायलाच लागत नसेल तर मात्र हात जोडा. आणि मूळ रिमोट हवाच. डीव्हीडी-ऑडिओची ग्रुप निवडणं, एसएसीडीचा थर बदलणं ही बटणं पुढच्या पट्टीवर क्वचितच असतात.

गेमिंग कन्सोलवर भागेल का असा प्रश्न येईलच, म्हणून आधीच: प्लेस्टेशन ३चे अगदी सुरुवातीचे मॉडेल एसएसीडी वाजवायचे, नंतरचे सडपातळ नाहीत. प्लेस्टेशन ५ यूएचडी चालवतं, पण साधी ऑडिओ सीडीसुद्धा वाजवत नाही.

सबवूफर_शेजारी

डिस्क आणि जोडणीचं बोलून झालं. आवाजाच्या सेटिंगबद्दल मला वेगळं मत मांडायचं आहे. लोक डीएसडी "शुद्ध" पाठवायच्या मागे लागतात आणि मग म्हणतात एसएसीडीत बेसच नाही.

कारण सरळ आहे. डीएसडी म्हणजे एका बिटचा, सेकंदाला २८ लाखांवर नमुन्यांचा प्रवाह (२.८२२४ मेगाहर्ट्झ). फार थोडे रिसीव्हर त्यावर थेट क्रॉसओव्हर (ठरावीक हर्ट्झखालचा बेस सबवूफरकडे वळवणं), अंतराची भरपाई किंवा खोलीची सुधारणा करू शकतात. डायरेक्ट मोडमध्ये डीएसडी आला की रिसीव्हर हे सगळं वगळून तो थेट स्पीकरकडे सोडतो. तुमचे मागचे सॅटेलाइट लहान आहेत. त्यांच्याकडे ४० हर्ट्झ पाठवलं तर ते वाजवणार नाहीत, आणि बास मॅनेजमेंट बंद असल्याने सबवूफरकडेही ते वळणार नाही. तो बेस हवेत विरतो.

प्लेअरच्या मेन्यूत डीएसडी आउटपुट बंद करा, म्हणजे प्लेअर तेच पीसीएम करून पाठवेल. मग रिसीव्हरचा ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर, स्पीकरचं अंतर, मायक्रोफोन लावून केलेली सुधारणा सगळं काम करतं. ८८.२ की १७६.४ असा पर्याय असेल तर ८८.२ घ्या. काही जुने रिसीव्हर १७६.४ आला की पुन्हा तेच करतात: खोलीची सुधारणा बंद.

रूपांतरात काहीतरी हरवतं असं म्हणणाऱ्यांनी एकदा शांतपणे तुलना करावी, पण आवाजाची पातळी जुळवून. एसएसीडीची प्रमाण पातळी मुळातच सुमारे ६ डेसिबल खाली ठेवलेली असते. जास्त मोठा वाजणारा पर्याय कानाला नेहमीच "जास्त चांगला" वाटतो, आणि बहुतेक वाद तिथेच संपायला हवेत.

अॅनालॉगबद्दल: प्लेअरला चांगलं डॅक (डिजिटलचं अॅनालॉग करणारा भाग) आहे म्हणून पैसे मोजायचे तर ते अॅनालॉग आउटपुट वापरणार असाल तरच. एचडीएमआयने जोडलं की रूपांतर रिसीव्हर करतो, प्लेअरचं डॅक झोपलेलं असतं. शिवाय बहुतेक रिसीव्हरांत ५.१ अॅनालॉग इनपुटवर बास मॅनेजमेंट होत नाही. ते काम प्लेअरच्या मेन्यूतून करावं लागतं, आणि परवडणाऱ्या प्लेअरमध्ये ते ओबडधोबड असतं. तरी अॅनालॉगच वापरायचं झालं तर एलएफई (सबवूफरचा स्वतंत्र) चॅनल १० डेसिबल उचलावा लागतो. रिसीव्हरमध्ये अॅनालॉग इनपुटच्या सबवूफरची पातळी +१० किंवा +१५ करण्याचा पर्याय असेल तर तो याचसाठी असतो. तुमच्याकडे एचडीएमआय आहे, मग या भानगडीत पडूच नका.

तबकडीवाला

सबवूफर_शेजारी, लहान स्पीकरांच्या बाबतीत बरोबर. पण पाचही जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर असतील आणि रिसीव्हर डीएसडी पूर्ण स्वीकारत असेल तर रूपांतर करायचं कारणही नाही. शिवाय काही प्लेअर पीसीएम करताना गाण्याच्या सुरुवातीचा अर्धा सेकंद गिळतात, सलग वाजणाऱ्या रचनांमध्ये ते टोचतं. दोन्ही पर्याय घरीच ऐकून ठरवावेत.

सबवूफर_शेजारी

मान्य. गिळण्याचा प्रकार उलटाही होतो. डीएसडीवर दोन गाण्यांच्या मधे "टक" असा आवाज येतो, कारण रिसीव्हर सिग्नल पुन्हा ओळखू लागतो. पीसीएमवर तो जातो.

दिवाणखाना५.१

सर्वांचे आभार. सोनीच्या दोनांपैकी धाकटा घेतला. एचडीएमआय एक टीव्हीला, दुसरा रिसीव्हरला. चित्र सुरेख आहे, पण तीन गोष्टी अडल्या आहेत.

१. एसएसीडी लावली की रिसीव्हरवर पीसीएम ४४.१ आणि दोन चॅनल येतात.
२. ब्लू-रेवर ट्रूएचडीऐवजी "डॉल्बी डिजिटल" दिसतं. यूएचडीवरही तेच.
३. ओठ आणि आवाज जुळत नाहीत, आवाज थोडा आधी येतो.

आणि एक यूएचडी डिस्क साधारण तासाभराने थांबते, तीही दर वेळी जवळजवळ त्याच जागी.

लेसरडोळा

क्रमाने घेतो.

एसएसीडी: प्लेअर सीडीचा थर वाजवतोय. मेन्यूत एसएसीडीचा थर आणि चॅनल निवडायचं सेटिंग असतं, तिथे सीडीऐवजी एसएसीडी आणि दोनऐवजी मल्टिचॅनल करा. डिस्क ट्रेमध्ये असताना बदललं तर बहुधा लागू होत नाही. ती काढून पुन्हा घाला. तरीही ४४.१च आलं तर डिस्क एकपदरी सीडी तर नाही ना ते बघा, काही अल्बम त्याच मुखपृष्ठाने दोन्ही रूपांत निघालेले असतात. खरी एसएसीडी असेल तर तिच्यावर तसं बोधचिन्ह असतं. ऑप्टिकल किंवा कोअॅक्सियल केबल मधे कुठे राहिली असेल तर काढून टाका. एसएसीडीचा थर त्या वाटेने मल्टिचॅनल जातच नाही, आणि काही वेळा रिसीव्हर आपोआप जुन्या इनपुटकडे झुकलेला असतो.

ब्लू-रे: हे नव्वद टक्के वेळा एकाच सेटिंगमुळे होतं. मेन्यूत ब्लू-रे ऑडिओ मिक्स किंवा दुय्यम ऑडिओ अशा नावाचं काहीतरी असेल, ते बंद करा. चालू असताना प्लेअर मेन्यूची टिकटिक आणि भाष्याचा आवाज मुख्य आवाजात मिसळतो. त्यासाठी मूळ ट्रॅक उलगडावा लागतो आणि मग साध्या डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये पुन्हा बांधून पाठवावा लागतो. ट्रूएचडी, डीटीएस-एचडी, अॅटमॉस सगळं तिथे गळतं. ते बंद करून डिजिटल ऑडिओ "ऑटो" किंवा "बिटस्ट्रीम" (प्लेअरने न उलगडता मूळ आवाज पाठवणं) ठेवा. तुमचा रिसीव्हर अॅटमॉस ओळखत नसला तरी चिंता नाही, ट्रूएचडीच्या आतला ७.१ भाग तो नेहमीसारखा उलगडेल.

जोडून: डीटीएस सीडी असेल तर ती अॅनालॉगने किंवा पीसीएमवर वाजवली की कान फाटेल असा सळसळाट येतो. ती डिस्क बिघडलेली नसते, फक्त बिटस्ट्रीमनेच जायला हवी. आवाज कमी करून मगच लावा.

ओठ-आवाज: चित्र थेट टीव्हीला जातंय आणि टीव्ही ते सजवण्यात वेळ घेतो. रिसीव्हर टीव्हीला जोडलेलाच नाही, त्यामुळे आपोआप जुळवणी होणार नाही. आधी टीव्हीवर सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा, हालचाल गुळगुळीत करणारं सगळं बंद करा, त्याने अर्धं काम होतं. मग रिसीव्हरमध्ये ऑडिओ डिले शून्यापासून दहा-दहा मिलिसेकंदांनी वाढवत जा. टाळी वाजवतानाचं किंवा दार आपटतानाचं दृश्य घ्या, बोलणाऱ्या ओठांवर कधीच नेमकं कळत नाही. २४ फ्रेमच्या यूएचडीला आणि ५० हर्ट्झच्या डीव्हीडीला वेगळा आकडा लागू शकतो. रिसीव्हर इनपुटनिहाय एकच आकडा ठेवत असेल तर मधला धरा.

तासाभराने थांबणारी डिस्क: दर वेळी एकाच जागी थांबते म्हणजे प्लेअर तापलाय वगैरे नाही, डिस्कवर काहीतरी आहे. ६६ आणि १०० जीबीच्या यूएचडीवर डेटा इतका दाट असतो की बोटाचा पुसट ठसाही पुरतो. ब्लू-रेचा वाचला जाणारा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर खाली असतो. सीडीत तो १.२ मिलिमीटर खाली, त्यामुळे सीडी ओरखडे झेलते आणि यूएचडी ठसाही झेलत नाही. मऊ मायक्रोफायबर घ्या, डिस्क दिव्याखाली तिरपी धरा, आणि मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल कधीच पुसू नका. त्या रेघा ट्रॅकच्या दिशेने पडतात आणि सलग डेटा खातात, आडव्या रेघेतून मात्र चूक-दुरुस्ती निभावून नेते. सुक्याने निघालं नाही तर कापड किंचित पाण्याने ओलसर करा. काच पुसायचे फवारे नकोत.

पुसूनही त्याच जागी थांबली तर प्लेअरची फर्मवेअर अपडेट करा. तेही झालं की ती डिस्क दुसऱ्या यंत्रात लावून बघा. तिथेही अडली तर कारखान्यातलाच दोष, बदलून घ्या.

दिवाणखाना५.१

ऑडिओ मिक्स चालूच होतं. बंद केल्यावर ट्रूएचडी आलं. एसएसीडी मल्टिचॅनल लागली, पीसीएमवर ठेवली आहे आणि सबवूफर जागा झाला. डिले ९०वर बरा वाटतो. यूएचडीवर कडेजवळ तेलकट ठसा होता, पुसल्यावर पूर्ण चालली.

आता रीजनचं. रीजन १ची डीव्हीडी लागत नाही. पाल डीव्हीडी लागतात, पण हालचाल धक्के देत चालते.

काटकसर

यूएचडीला रीजन नाही, हे सुखाचं. पण त्याच खोक्यात सोबत येणारी साधी ब्लू-रे रीजनबद्ध असू शकते. डीव्हीडीचा रीजन आणि ब्लू-रेचा रीजन ही दोन वेगळी कुलपं आहेत आणि प्लेअर ज्या देशासाठी विकला गेला त्यावर दोन्ही ठरतात. डीव्हीडीचं कुलूप काही मॉडेलना रिमोटच्या आकड्यांनी उघडतं, ब्लू-रेचं बहुतेकांत हार्डवेअर बदलल्याशिवाय नाही. असा बदल केलेला प्लेअर विकतही मिळतो. मात्र तो घेतलात तर आपोआप होणारं अपडेट आधी बंद करा आणि पुढचं प्रत्येक अपडेट विकणाऱ्याला विचारूनच करा, नाहीतर बदल पुसला जाऊ शकतो. तुमच्या चार-पाच रीजन बी ब्लू-रेसाठी इतकं करण्यापेक्षा त्याच चित्रपटांच्या यूएचडी मिळतात का ते आधी बघा.

पालचा धक्का: प्लेअर पालचं चित्र ६० हर्ट्झमध्ये बदलून पाठवतोय. आउटपुट ऑटो करा आणि टीव्ही ५० हर्ट्झ घेतो का ते त्याच्या माहिती पडद्यावर बघा. ५० आलं की धक्के जातील. पाल डीव्हीडीतला चित्रपट मुळात २४ऐवजी २५ फ्रेमने चालतो, म्हणजे सुमारे ४ टक्के जलद. आवाज किंचित चढा वाटला तर तो प्लेअरचा दोष नाही. उलट्या बाजूने, ६० हर्ट्झच्या देशांसाठी बनलेले काही प्लेअर पाल डीव्हीडी सरळ नाकारतात. दुसऱ्या देशातून प्लेअर मागवणाऱ्यांनी हे आणि विजेचा व्होल्टेज दोन्ही मागच्या पट्टीवर वाचून घ्यावं. "१००–२४०" लिहिलेलं हवं.

लेसरडोळा

एक राहिलं. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टात प्लेअर आहे, त्याचं "एन्हान्स्ड" किंवा "डीप कलर" सेटिंग चालू आहे ना? अनेक टीव्हींत ते कारखान्यातून बंद येतं आणि प्लेअर गुपचूप एचडीआर सोडून देतो. केबलचं म्हणाल तर २४ फ्रेमच्या १० बिट ४केला सुमारे ११ गिगाबिट लागतात, ६० फ्रेमला पावणेअठराच्या आसपास. टीव्हीकडे जाणारी प्रीमियम हाय स्पीड, १८ गिगाबिटची घ्या. रिसीव्हरकडे जाणारी फक्त आवाज नेते, तिथे जुनी साधी केबलही चालेल.

दिवाणखाना५.१

ते बंदच होतं. चालू केलं, आणि डिस्क लावल्यावर टीव्हीवर "एचडीआर" पहिल्यांदाच उमटलं. डॉल्बी व्हिजनच्या डिस्कना वेगळ्या कप्प्यात ठेवलंय, म्हणजे ते सेटिंग कधी चालू करायचं हे कप्प्यावरून कळेल.

तबकडीवाला

कप्पा बरा आहे. अजून सोपं: खोक्याच्या कण्यावर लहान ठिपका लावा. आणि विसरलात तरी डिस्क वाया जात नाही, डॉल्बी व्हिजनच्या प्रत्येक यूएचडीत खाली एचडीआर१०चा थर असतोच, सेटिंग बंद असेल तर तोच दिसतो.